आधी प्रश्न ओळख

जयवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या बाजारात बोंबलाच्या वाट्यावरून एका मावशीशी हुज्जत घालत होतो. फोन त्याच्या बायकोचा, हेमावहिनींचा. "भाऊ, हे उठत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते आणि कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती. वहिनींनी मला एकच काम दिलं... वर्गातल्या मुलांना कळवा. आता हे काम दुसऱ्या कोणालाही द्यायला हवं होतं. मी कसा माणूस आहे हे आगरपासून तलासरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आगरच्या किनाऱ्यावर मी एकदा एवढी मोठी घोळ मासळी पाहिलीय की तिचं डोकं बाजारात विकून संपलं तरी शेपूट अजून पाण्यात वळवळत होतं. आशागडला माझ्या वाडीत एका चिकूच्या झाडाखाली झोपलेला पाहुणा डोक्यात फळ पडून बेशुद्ध झाला, तो शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या मुलाचं लग्न झालेलं होतं. असा माणूस भल्या सकाळी फोन करून 'तुमचे सर गेले' म्हणाला तर ऐकणाऱ्याने काय करायचं? पहिला मुलगा हसला. दुसरी म्हणाली, "काका, आज चहाच्या आधीच सुरू का?" आणि वेवजीची सुमित्रा म्हणाली, "काका, फोन वहिनींना द्या." मी दिला. वहिनी नुसत्या रडल्या. तेवढ्यावर तिला पटलं.

ह्या अविश्वासाचा शिल्पकार जयवंतच. आम्ही लहानपणापासूनचे मित्र. तो आगरचा, वडील होडीवर, आई सुकी मासळी विकायची. मी तलासरीला कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो आणि तो डहाणू रोडला एका दुकानाच्या माळ्यावर सरकारी भरतीच्या परीक्षांचा वर्ग घ्यायचा. गणित, इंग्रजी शिकवणारे इथे बरेच आहेत. जयवंतकडे मुलं यायची ती तर्कक्षमतेसाठी. म्हणजे पेपरात चार ओळींचं एक विधान देतात आणि खाली विचारतात... ह्यातलं गृहीतक कोणतं, निष्कर्ष कोणता निघतो, कुठल्या माहितीने हा युक्तिवाद लंगडा पडेल, काय करावं. विधान तेच असतं, पण प्रश्नाचा प्रकार बदलला की उत्तर बदलतं. मुलं विधान वाचून भारावून जातात आणि प्रश्नाकडे बघतच नाहीत. जयवंत म्हणायचा, "आधी खालची ओळ वाच. पेपर काढणारा तुझ्याकडे काय मागतोय ते ओळख. गिऱ्हाइकाने पापलेट मागितलं तर तू कितीही ताजा बांगडा दिलास तरी तो घेणार आहे का?"

आणि सरावासाठी त्याला सतत नवी विधानं कुठून मिळायची? माझ्याकडून. दर रविवारी मी माळ्यावर जायचं, खुर्चीत बसायचं आणि एक थाप मारायची. थाप संपली की जयवंत फळ्याकडे वळून म्हणायचा, "हं, काकांच्या बोलण्यात काय धरून चाललंय? काकांचं म्हणणं पाडायला कुठली माहिती पुरेल?" मुलं तुटून पडायची. माझी घोळ त्यांनी इतक्या वेळा कापली की तिचं चिंबोरीएवढंही शिल्लक उरलं नाही. किनाऱ्याकडची मुलं तर फार चेकाळायची. "सर, त्या दिवशी समुद्राला भांग होती, एवढ्या कमी भरतीला घोळ किनाऱ्याला कशाला येईल?" जयवंत शांतपणे म्हणायचा, "ते तुला माहीत आहे. काकांच्या बोलण्यात आहे का? नाही ना? मग बाहेरचं आत आणू नकोस." समुद्र माहीत असलेल्या मुलाला समुद्रावरचा प्रश्न हमखास चुकायचा, तो जास्तीचं जाणून होता म्हणून. हे मला फार मोठं वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची, कारण माझं अख्खं आयुष्य बाहेरचं आत आणण्यात गेलंय.

वेवजीकडच्या मुलांची चूक वेगळी. ती घरी कामाला जुंपलेली, सुट्टीत मजुरीला जाणारी. त्यांना काहीही विचारा, ती काम सांगायची. सुमित्रा ह्यात सगळ्यांत पुढे. "गावात उन्हाळ्यात टँकर मागवावा लागेल. गृहीतक ओळखा." सुमित्रा: "विहीर खणावी, सर." "रस्ता खराब असल्याने बस उशिरा येते. निष्कर्ष?" सुमित्रा: "खडी टाकावी." जयवंत डोकं धरायचा. "अगं बाई, गावाचा सगळा विकास तू एकटीच करणार का? काम नको सांगूस. विधानाच्या पोटात काय आहे ते सांग." ती म्हणायची, "पोटात काय आहे ते बघत बसलं तर पाणी कधी यायचं?" सगळा वर्ग हसायचा, आणि तिचे मार्क मात्र जायचे. बाकी विषयांत पोरगी वाघीण. दोनदा ती ह्या एका भागापायी यादीतून बाहेर राहिली होती. आणि ही परीक्षा शेवटची, पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. घरात आई मजुरीला, धाकटा भाऊ शाळेत. जयवंतने तिला उचलूनच धरलं होतं. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घ्यायचा, नुसत्या खालच्या ओळी वाचायला लावायचा, वर विधान झाकून ठेवून. "उत्तर नको. प्रकार सांग." हे एवढंच, पुन्हा पुन्हा. तिची नजर वर विधानाकडे गेली की तो नुसता खोकायचा.

पावसाळा सरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की जयवंत माळ्याच्या जिन्यात मध्येच थांबतोय. मी विचारलं तर म्हणाला, "जिना वाढलाय." चेहऱ्यावर घाम, हात कठड्याला. मी म्हटलं, "वापीला जाऊ, तिथे हृदयाचे चांगले डॉक्टर आहेत." तर तो मलाच शिकवायला लागला. "मला दम लागतो, म्हणून माझं हृदय बिघडलंय... ह्यात तू काय धरून चाललायस? दम दुसऱ्या कशाने लागत नाही, हे. ते सिद्ध कर." वहिनींनी सांगून पाहिलं, त्याच्या धाकट्या भावाने सांगून पाहिलं. सगळ्यांचे युक्तिवाद त्याने पाडले. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला तुम्ही युक्तिवादाने डॉक्टरकडे नेणार कसे? वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्याशी बोलून उपयोग नाही, भाऊ. बोललं की ते जिंकतात." त्या दिवसांत मला नीट जेवण जायचं नाही. तो फळ्यावर लिहायला हात वर करायचा आणि मी मागच्या बाकावरून त्याच्या पाठीकडे बघत राहायचो, श्वास किती खाली-वर होतोय ते.

शेवटी त्याला नेलं सुमित्राने. एका सकाळी ती माळ्यावर आली आणि म्हणाली, "सर, खाली गाडी उभी आहे. आमच्या पाड्यातला ड्रायव्हर आहे, वापीचा रस्ता त्याला माहीत आहे. चपला घाला." जयवंतने चपला घातल्या. ह्यात पाडण्यासारखं विधानच नव्हतं. तो गाडीत बसला, सोबत वहिनी आणि मी. डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन सांगितलं, लवकर करा म्हणाले. परतीच्या वाटेवर जयवंतने तारीख ठरवली... मुलांची परीक्षा झाल्यावर. मी ओरडलो, वहिनी ओरडल्या. तो म्हणाला, "लवकर म्हणजे परीक्षेच्या आधीच, असं डॉक्टर म्हणाले का?" पुढच्या सीटवर सुमित्रा बसली होती. ती मागे वळली नाही. कोणाची परीक्षा हे गाडीतल्या सगळ्यांना कळलं होतं.

परीक्षा तोंडावर आली असतानाच तो गेला.

दहाव्यानंतर मी माळा उघडला. मुलं आली, सुमित्रा नाही. फोन उचलेना. मी वेवजीला गेलो. ती शेतात भाताचे भारे बांधत होती. मला बघून तिने विळा बाजूला ठेवला नाही. म्हणाली, "माझ्यासाठी थांबले ना सर. नसते थांबले तर असते." मी बांधावर बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याकडे एक सुंदर थाप तयार होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ऑपरेशनचाही उपयोग नव्हता, वगैरे. अशी बेमालूम की कोणालाही पटली असती. ओठांपर्यंत आली होती. पण ज्या पोरीने इतके रविवार माझ्या थापा सोलल्या, तिच्यापुढे ती धरणार नाही हेही कळत होतं, आणि धरली असती तर आणखी वाईट. मी म्हटलं, "सुमित्रा, सर थांबले म्हणून गेले, असं तू म्हणतेस. ह्यात काय धरून चाललीयस?" तिने भारा आवळून गाठ मारली. मग म्हणाली, "ऑपरेशन झालं असतं तर ते वाचले असते, हे." "तुला माहीत आहे?" "नाही." "मला माहीत आहे?" "नाही." "मग?" ती म्हणाली, "मग काही सांगता येत नाही." जयवंतच्या पेपरात हा एक पर्याय असायचा आणि तो तिने आजवर कधी निवडला नव्हता. तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. माझंही झालेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली.

आता शिकवणार कोण? मीच. महाराष्ट्रात ह्या विषयाला माझ्याइतका नालायक शिक्षक शोधून सापडला नसता. मी थाप मारायचो आणि मुलंच एकमेकांना शिकवायची, मी फक्त "बाहेरचं आत आणू नका" असं मधूनमधून बजावायचो आणि माझं मलाच हसू यायचं. रात्री मात्र झोप नसायची. हिला ह्या खेपेला जमलं नाही तर ती आयुष्यभर काय धरून चालेल, हे मला कोणी पेपर काढून विचारायची गरज नव्हती.

परीक्षेला तिच्यासोबत मीच गेलो. फाटकाबाहेर वडाच्या पारावर बसून मी इतर मुलांच्या आईबापांना एकही गोष्ट सांगितली नाही, ह्यावरून माझी अवस्था ओळखा. ती बाहेर आली, पाणी प्यायली, पारावर बसली. मी विचारत नव्हतो. तीच म्हणाली, "प्रकार सगळे ओळखले. एका ठिकाणी हात काम सांगायला निघाला होता, धरला. उत्तरं बरोबर आली का ते नाही माहीत." हे मी लिहीत असताना निकाल लागलेला नाही. कधी लागेल ते कोणी सांगत नाही.

परतताना डहाणूहून तलासरीची जीप मिळाली, खचाखच. मी आशागडपर्यंतच जाणार होतो. शेजारी टोपली घेतलेली एक मासेवाली होती. तिने विचारलं, पोरीचा कसला पेपर? मी सांगितलं, आणि सांगता सांगता जयवंतवर आलो. म्हटलं, आमचा एक मास्तर होता, जिन्यावरून येणाऱ्या मुलाच्या पावलांवरून ओळखायचा की हा आज कुठल्या प्रकारात मार खाणार. ड्रायव्हर हसला. मासेवाली म्हणाली, "चल, काहीतरीच. एवढं कोण ओळखतं?" आणि मी सुमित्राकडे पाहिलं. सवयीने मान खाली घातली, आता ही मला सोलणार म्हणून.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मावशी, पावलांचं काय घेऊन बसलात. मी वेवजीला घरी पेपर उघडायचे, तेव्हा सर इथे डहाणूला खोकायचे. मला ऐकू यायचं. मग मी खालची ओळ आधी वाचायचे."

मासेवालीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं आहे.