पन्नास हात कापड

कोलोवाई गावच्या लोसालीनमुळे टोंगा देश श्रीमंत होणार, हे तिला पहिल्यांदा तिच्या आतेभावाकडून कळलं.

सेमिसी राजधानीत, विकास खात्यात होता. तो आला तेव्हा ती सहा जणींबरोबर झाडाच्या सालीचं कापड रंगवत बसली होती.

"ताई, हे कापड म्हणजे देशाची दौलत, आणि ती तुम्ही बायका गाद्यांखाली झोपवून ठेवता," कडेला टेकत तो म्हणाला. "उठवा तिला. जगात कलेवर देश चालतात."

"तिला उठवते. आधी तू ऊठ. ओल्या रंगावर बसलायस."

बायका खिदळल्या. विजार मागून तपकिरी झाली होती.

योजना अशी होती: लोसालीनने पन्नास हात कापड करायचं, सरकारने ते ऑकलंडच्या प्रदर्शनात विकायला मांडायचं आणि कापडाबरोबर तिलाही विमानाने न्यायचं. पुढचं तिने ऐकलंच नाही. ऑकलंडला तिची मुलगी लेसिएली होती आणि तीन वर्षांची नात. नातीला तिने फक्त फोनच्या काचेवर पाहिलं होतं.

वर्षभर ती साल कुटत राहिली. कापड असं देखणं झालं, की सेमिसी दोनदा नुसता बघायला येऊन गेला.

विमानाला नऊ दिवस उरले आणि चुलते वारले.

घरात दुसरं कापड नव्हतं. एक नवऱ्याबरोबर मातीत गेलं होतं, एक लेसिएलीच्या लग्नात. आणि सख्ख्या काकाच्या मयताला कापड न नेता, रिकाम्या हातांनी जाऊन पुन्हा गावात तोंड दाखवता येत नाही. तिने सेमिसीला फोन केला.

"ताई, ते कापड देशाचं आहे!"

"मग देशाला सांग, काका वारले."

 काका त्याचे सख्खे मामा.

"मी काही बोलत नाही," शेवटी तो म्हणाला. "तुझं तू बघ."

मामाच्या मयताला भाच्याचा मान सगळ्यांत मोठा. सेमिसी उशाशी बसला होता, सगळ्यांच्या वर. लोसालीन भावाची मुलगी, मान सगळ्यांत खालचा, म्हणून कमरेला फाटकी चटई गुंडाळून चुलीपाशी. बायकांनी कापड उचलून नेलं. रीतीप्रमाणे ते मामांच्या पार्थिवासमोर पसरलं गेलं आणि रीतीप्रमाणेच सेमिसीच्या पायाशी आलं. त्याला नाही म्हणता येईना. तो मोठ्याने रडला. मामासाठीच, असं सगळ्यांनी धरलं.

माती झाल्यावर लोसालीनने त्याला गाठलं.

"आता तुझंच आहे ना? मग मांड प्रदर्शनात."

"मामाच्या मयताचं कापड विकू? वेडी झालीस?"

"मी नाही. देश म्हणत होता."

विमान लोसालीनशिवाय गेलं. देशातच मागणी इतकी आहे, की निर्यातीला कापड उरत नाही, असं सेमिसीने अहवालात लिहिलं. वरिष्ठांना ते फार आवडलं म्हणे.

महिन्याभराने लोसालीन आत्याला, म्हणजे सेमिसीच्या आईला, भेटायला गेली. आत्या पलंगावर नेहमीपेक्षा चार बोटं उंच बसली होती. गादीखालून ओळखीचा तपकिरी काठ डोकावत होता.

"बस गं इथेच. पाठीला काय आराम पडतो म्हणून सांगू!"

लोसालीन बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला; काचेवर नात होती.

"आजी, तू कधी येणार?"

तिने फोन खाली वळवून तो काठ दाखवला.

"हे बघ. आजीचं विमान."

विमान सुटणार असल्यासारखे आत्याने पाय वर घेतले.