पश्चिमेची काच

"कुठल्या सालचा?" कुणी नियम दाखवला की आमचे साहेब आधी हेच विचारायचे. बाजारात गुळाची ढेप बघताना विचारावं तसं.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात आम्ही इमारतींचे नकाशे तपासत असू. साहेब अभियंता, मी त्यांच्या हाताखाली. इमारत कमी तापावी, वीज कमी लागावी म्हणून त्यांनी दोन नियम वरपर्यंत भांडून मंजूर करून आणले: गच्चीला पांढरी फरशी आणि पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा. त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले आणि लगेच म्हणाले, "हे दर पाच वर्षांनी बदलायचे बरं का. बांधायची तऱ्हा बदलते, नियम मागं राहून चालणार न्हाय."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. स्वतःच्या यशावरसुद्धा फार विसंबून न राहणारा.

तऱ्हा बदललीच. दोन हजारनंतर काचेच्या इमारती आल्या. नियम खिडकीपुरता बोलत होता. अख्खी भिंतच काचेची असली तर काय, हे त्यात नव्हतं. साहेबांनी दुरुस्ती सुचवली. समिती नेमली गेली. बैठक ठरायची, पुढं ढकलली जायची.

तेवढ्यात बाळंतिणींच्या नव्या दवाखान्याचा नकाशा आला. पश्चिमेला सगळी काच.

"नियमात बसतंय की, साहेब," ठेकेदार म्हणाला.

बसत होतं. साहेबांनी सही केली.

इमारत उभी राहिल्यावर मे महिन्यात ते मला घेऊन तिथं गेले. वॉर्डभर काचांवर लुगडी, चादरी बांधलेल्या. पंखे गरम वारा फेकत होते. एक म्हातारी नातवाला पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

"पावणं, असली भिंत कुणी पास केली म्हणायची?"

"मी, मावशी."

तिनं वर पाहिलं. "तुमास्नी कळत न्हवतं व्हय?"

"कळत होतं की."



निवृत्तीनंतर समितीनं त्यांना जाणकार म्हणून बोलावलं. इस्त्रीचा सदरा घालून आले. बैठकीची वेळ टळली तरी सभागृहात आम्ही दोघंच. चहा आला, गार झाला. शिपायानं विचारलं, "एसी बंद करू काय, साहेब?"

"करा," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून हळूच, "आता मला बोलावू नका."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. शोकसभा त्याच सभागृहात झाली. समितीतले सगळे वेळेवर आले. पहिल्यांदाच खुर्च्या कमी पडल्या. साहेबांच्या स्वभावावर पुष्कळ बोलले. नियमांचा विषय कुणी काढला नाही.