तीन ग्रॅमचे सलाईन

रक्ताची तिसरी पिशवीही बाद झाली तेव्हा तायडे खिडकीपाशी उभाच होता. रेल्वेत ट्रॅकमन, आमच्याच अकोल्याकडचा. बायको सकाळी बाळंत झालेली आणि रक्त थांबत नव्हतं.

"काका, एकही पिशवी जुळत नाही म्हणजे काय?"

काय सांगणार? जयपुरातल्या सी-स्कीम भागातल्या त्या ब्लड बँकेत मी जेवढं रक्त जुळवलंय, त्यात तिथले सगळे हत्ती पोहले असते. पण असला प्रकार पहिल्यांदाच.

रक्त देण्याआधी क्रॉसमॅच करतात. दात्याच्या लाल पेशी सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात धुवायच्या आणि पेशंटच्या सिरमशी, म्हणजे रक्तातल्या पातळ भागाशी, त्यांची गाठ घालायची. पटलं नाही तर पेशी गोळा होतात किंवा फुटतात. आज प्रत्येक ट्यूबमध्ये पेशी फुटून नुसतं डाळिंबाचं सरबत!

मॅनेजरसाहेब आले. टाय इतका घट्ट, की वर रक्तपुरवठा होत नसावा.

"वानखेडेजी, पेशंट का ही ब्लड खराब है. लिख दो, मॅच नहीं. दुसरीकडे पाठवा."

"बाई रस्त्यातच जाईल, साहेब." माझं लक्ष सलाईनच्या बाटलीकडे गेलं. तिला सील नव्हतं. "हे सलाईन कुठलं?"

"इन-हाऊस! मी स्वतः बनवून घेतलं."

"लिटरला मीठ किती?"

"किताब में नौ ग्राम है. मैंने तीन डलवाया. जयपूर का पानी तो पहले से खारा है! हमारे प्रताप नगर में चाय भी नमकीन बनती है."

धन्य ती चाय! अहो, खारं असतं ते बोअरचं पाणी. लॅबमध्ये येतं डिस्टिल्ड, त्यात मीठ औषधालाही नसतं. पेशीच्या आत जेवढा खारेपणा, तेवढाच बाहेर हवा. बाहेर कमी पडला की पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. जास्त झाला तर आतलं पाणी बाहेर येऊन पेशीची मनुका होते. हे गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासातली पोरं झोपेत बडबडतात.

मी कपाटातली सीलबंद बाटली फोडली आणि क्रॉसमॅच नव्याने लावला. ट्यूब इनक्युबेटरच्या उबेत असताना साहेब म्हणाले, "प्रूफ क्या है?"

"बोट द्या."

टोचलं. साहेब असे किंचाळले, की हवामहलच्या खिडक्या वाजल्या असतील. एक थेंब त्यांच्याच सलाईनमध्ये टाकला. बघता बघता सरबत!

"साहेब, तुमचंही ब्लड खराब. पाठवू दुसरीकडे?"

दुसरा थेंब सीलबंद सलाईनमध्ये टाकला. पेशी शाबूत, म्हणून पाणी गढूळ.

क्रॉसमॅच जुळला. तीच तिसरी पिशवी घेऊन तायडे जो पळाला, तो थेट वॉर्डात. आठवड्याने पेढे घेऊन आला. "आई-लेक दोघीही घरी आल्या, काका." पहिला पेढा साहेबांनीच उचलला, आणि तोही 'हमारी टीम'च्या नावाने.

पाण्याची चव घरी घ्यावी. लॅबमध्ये वजनकाटा असतो.