बारा नावं आणि घरची इन्शिराह

डॉ. नझमी मूळचे दुम्यातचे, आणि हेच त्यांच्या आयुष्यातलं मुख्य दुखणं.

दुम्यातची माणसं चिंगूस, असं साऱ्या इजिप्तनं एकमतानं ठरवून टाकलंय. दुम्यातचा यजमान म्हणे पाहुण्याला विचारतो, "जेवून झोपता, की हलक्या पोटी? हलक्या पोटी झोप छान लागते हो." डॉ. नझमी सव्वीस वर्षांपूर्वी त्रिभुज प्रदेशातल्या आमच्या या गावात, विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागात नोकरीला आले, आणि पहिल्याच दिवशी शिपायानं त्यांना हा विनोद ऐकवला. तेव्हापासून तो त्यांना आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. हसावंही लागतं.

यावर उपाय म्हणून नझमींनी बोलावण्याचा सपाटा लावला. दुपारी टेबलावर कागद पसरून भाकर आणि चीज काढलं, की दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. "या, बसा, घास घ्या!" एकदा शिडीवर चढून दिवा बदलणाऱ्या वायरमनलाही त्यांनी खालून आग्रह केला. अर्थात कोणी येत नसे. यायचं नसतंच. नदीच्या मधोमध चाललेल्या होडीतून नावाडी काठावरच्या माणसाला ओरडून जेवायला बोलावतो, काठावरचा म्हणतो, 'देव तुझं भलं करो', आणि होडी पुढे जाते. बोलावणाऱ्याचा मान राहतो, न येणाऱ्याचाही राहतो, आणि भाकरही राहते. असल्या बोलावण्याला आमच्याकडे नावाड्याचं आमंत्रण म्हणतात. त्यावर सबंध देश सुरळीत चालतो.

आता नझमींच्या कामाविषयी. भाताच्या शेतांखालून समुद्र हळूहळू आत सरकतोय. किती सरकला ते त्यांनी चौदा विहिरींवर, दर महिन्याला, सलग एकोणीस वर्षं मोजलं. मोजलं म्हणजे इन्शिराहनं मोजलं. इन्शिराह प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ. विभागात सगळे तिला आब्ला म्हणत, म्हणजे ताई. वय एकोणपन्नास, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, हातात बाटल्यांची पेटी. नोकरी सांभाळून तिनं डॉक्टरेट पुरी केली होती आणि चार वर्षं प्राध्यापकपदाच्या फाइलमागे होती. समिती दर वेळी विचारायची, "एखाद्या मोठ्या प्रकल्पात तुमचं नाव आहे का?" नाव नव्हतं. यंदा समिती शेवटची बसणार होती; पन्नाशीनंतर फाइल घेत नाहीत.

आणि यंदाच विद्यापीठानं एक तयारी निधी काढला.

त्याचं कारण साधं होतं. युरोपातून मोठ्या प्रकल्पांना पैसा मिळतो, पण त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो सत्तर पानांचा, आणि आमच्याकडे तो शेवटच्या आठ दिवसांत, चहा आणि अल्लाहच्या भरवशावर लिहिला जाई. दर वर्षी नकार यायचा. म्हणून विद्यापीठानं ठरवलं की आधी आपणच थोडा पैसा देऊ: संघानं तीन दिवस समुद्रकाठच्या हॉटेलात एकत्र बसावं, इंग्रजी कोणाकडून तरी तपासून घ्यावं, आणि बाहेरच्या एका जुन्याजाणत्या परीक्षकासमोर लुटुपुटूची परीक्षा द्यावी. मग खऱ्या परीक्षेला जावं.

निधीचं काम विद्यापीठाच्या कचेरीतले उस्ताद लबीब, म्हणजे लबीबसाहेब, बघत. अर्ज नझमींच्या हातात देताना त्यांनी बजावलं, "डॉक्टर, संघाची नावं बारा. हीच नावं पुढे युरोपला जाणार. तेरावी ओळ नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो."

"माझ्या स्वभावाला काय झालं?"

"काही नाही. नावाडी आहात."

अर्ज पंधरा दिवस नझमींच्या टेबलावर राहिला, आणि त्या पंधरा दिवसांत दारावरून जाईल त्याला त्यांनी संघात बोलावलं. जीभच तशी वळलेली. डीन फिक्री बेक डोकावले, म्हणाले, "मोठं काम काढलंस म्हणे?" नझमी उठून उभे राहिले. "अहो, तुमच्याशिवाय कसलं काम! तुमचं नाव आधी!" यावर फिक्री बेकनी छातीवर हात ठेवून 'देव तुझं भलं करो' म्हणायचं आणि चालू लागायचं, अशी रीत. फिक्री बेक म्हणाले, "लिही."

होडी काठाला लागली आणि माणूस चक्क आत येऊन बसला! त्याच्यामागून माजी डीन आले, डीनचे साडू आले, कीटकशास्त्राचे दोघं आले. समुद्रकाठचं हॉटेल सगळ्यांच्याच कानावर गेलेलं. कोणालाही नाही म्हणायची नझमींची छाती होईना. नाही म्हटलं असतं तर सव्वीस वर्षांच्या भाकरीवर पाणी पडून दुसऱ्या दिवशी पुन्हा 'दुम्यातकर!' झालं असतं. करता करता अकरा नावं झाली. बारावे ते स्वतः.

लबीबनी यादी बोटानं वाचली आणि बोट शेवटी थांबवलं.

"आब्ला कुठे आहे?"

नझमींनी यादी पुन्हा वरून वाचली. पंधरा दिवसांत त्यांनी वायरमन सोडून सगळ्यांना बोलावलं होतं, फक्त इन्शिराहला नाही. तिला बोलवायचं कशाला? ती समोरच बसलेली असायची. घरच्या माणसाला जेवायला या म्हणून कोण सांगतं?

"ती... ती घरचीच आहे," नझमी म्हणाले.

"घरच्यांनीही जेवायचं असतं, डॉक्टर."

"पुढे बघू," म्हणून नझमींनी सही केली. सही करताना कान तापले होते. तो ताप मग उतरलाच नाही.

हॉटेलात तीन दिवस अकरा जणांनी तळलेली बोय मासळी खाल्ली आणि समुद्राच्या खारेपणावर उदास चर्चा केली. इन्शिराह प्रयोगशाळेतून फोनवर तक्ते पाठवत होती. चौथ्या दिवशी लुटुपुटूची परीक्षा. अलेक्झांड्रियाहून निवृत्त प्राध्यापिका डॉ. झीझी आल्या, बारीक, ताठ, हातात प्रत्येक पानाला खूण घातलेला प्रस्ताव. तक्ते पडद्यावर लावणं दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं म्हणून इन्शिराहही कोपऱ्यात संगणकाशी बसली होती.

झीझीबाईंनी चष्मा सरळ केला. "विहीर नंबर नऊ. दोन हजार अकरापासून तिथलं पाणी विहिरीतून न घेता शेजारच्या मशिदीच्या हातपंपावरून घेतलंय. का?"

बारा माणसं छताकडे बघायला लागली. फिक्री बेक म्हणाले, "हा शास्त्रीय पद्धतीचा प्रश्न आहे." माजी डीननी मान डोलावली. नझमींना आठवत होतं की काहीतरी झालं होतं, पण काय ते आठवेना. त्यांची मान आपोआप कोपऱ्याकडे वळली.

इन्शिराह हळूच म्हणाली, "विहीर हाजी मितवल्लींची आहे. आम्ही येणार कळलं की ते आदल्या संध्याकाळी कालव्याचं गोडं पाणी आणून विहिरीत ओतायचे. मी एकदा अवेळी गेले तेव्हा घागरीसकट सापडले. म्हणाले, 'पोरी, पाहुण्यांपुढे खारं पाणी कसं ठेवू? लाज वाटते.' त्यांना वाईट वाटू नये म्हणून बाटली अजूनही विहिरीतनंच भरते. मोजते पंपावरची."

झीझीबाई पहिल्यांदाच हसल्या. मग यादीवरून नजर फिरवून म्हणाल्या, "तुमचं नाव? इथे दिसत नाही. कोण तुम्ही?"

इन्शिराहनं नझमींकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं. शेजारी फिक्री बेक बसले होते.

"ती आमच्याकडे... मदत करते," नझमी म्हणाले.

इन्शिराहनं मान खाली घातली आणि पुढचा तक्ता लावला.

दुसऱ्या दिवशी झीझीबाईंचा शेरा आला. लबीबनी तो वाचून दाखवला: "'काम उत्तम आहे. ते ज्या व्यक्तीला माहीत आहे ती संघात नाही. तिला घ्या, नाहीतर पोस्टाचा खर्च वाचवा.' डॉक्टर, यादी गुरुवारी दुपारी बंद होते. एक नाव काढा."

नझमी दोन दिवस अकरा दारं फिरले. आडून सांगून बघितलं. "काम फार किचकट आहे हो, तुमच्या तब्येतीला झेपेल का?" माजी डीन म्हणाले, "तुझ्यासाठी झेपवीन, बेटा." साडू म्हणाले, "आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?" प्रत्येकानं चहा पाजला आणि कोणी हललं नाही. प्रयोगशाळेवरून जाताना नझमी पलीकडच्या जिन्यानं जाऊ लागले. त्यांनी इन्शिराहला दोन दिवसांत एकदाही तोंड दाखवलं नाही. दुपारची भाकर दार लावून खाल्ली.

गुरुवारी सकाळी ते डीनच्या खोलीत जाऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"फिक्री बेक, त्या दिवशी मी तुम्हाला बोलावलं ना..."

"हो. मोठेपणा तुझा."

"ते मनापासून नव्हतं."

हे वाक्य आमच्याकडे कोणी कोणाला म्हणत नाही. मेल्यावरही नाही. फिक्री बेकनी चहाचा पेला खाली ठेवला.

"काय म्हणालास?"

"नावाड्याचं आमंत्रण होतं. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं. जागा दुसऱ्याची होती, मला माझी लाज झाकायची होती. आता झाकायला काही उरलं नाही."

मग फिक्री बेक म्हणाले, "शेवटी दुम्यातचा तो दुम्यातचाच." त्यांनी फोन उचलून लबीबना आपलं नाव काढायला सांगितलं आणि नझमींकडे न बघता पेपर उघडला. तो पेपर त्यांनी नझमींपुढे आजतागायत मिटलेला नाही.

नझमी अर्ज घेऊन प्रयोगशाळेत आले. इन्शिराह बाटल्या विसळत होती.

"सही हवी होती," ते म्हणाले.

"कशावर?"

"संघात. तुझं नाव."

तिनं हात पुसले, चष्मा लावला, कागद वाचला. "इथे 'कामाचं स्वरूप' असा रकाना आहे, डॉक्टर. तो रिकामा आहे."

"तू लिही ना. तुला नीट..."

"नाही. तुम्ही लिहा. मदत सोडून दुसरं काय ते लिहा."

नझमी स्टुलावर बसले. लिहिलं: 'चौदा विहिरींचं मोजमाप.' तिच्याकडे बघितलं.

"पुढे," इन्शिराह म्हणाली.

पुढे काय ते त्यांना येईना. कोणती विहीर कोणाची, पेरणीच्या दिवसांत बाटल्या कशावरून आणल्या, विभागाची गाडी तीन वर्षं बंद होती तेव्हा ही जात कशी होती, त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"विहीर एक," ते खाली मान घालून म्हणाले. "सांग. मी लिहितो."

ती सांगू लागली. रकाना तिसऱ्याच विहिरीला भरला. नझमींनी लबीबना फोन करून जोडकागद मागितले, आणि दुपारपर्यंत, शाळेतल्या मुलासारखे, विचारत विचारत लिहीत राहिले.