डाळिंबाचा डाग

अप्पांनी चाळीस वर्षं लाँड्री चालवली. चहा, शाई, गंज, सगळ्या डागांशी त्यांचं हाडवैर. हात टेकले ते फक्त डाळिंबापुढे, आणि तेही घरच्याच चादरीवर. लेक तीन वर्षांची असताना त्या पांढऱ्या चादरीवर बसून तिनं अख्खं डाळिंब फोडलं होतं. लेक मोठी झाली, परदेशी गेली. डाग मात्र जागचा हलला नाही.

दुकान बंद केल्यावर अप्पांना झाडपाल्यातून रंग काढायचा नाद लागला.

"जन्मभर डाग काढले, आता लावत बसा!" बायको म्हणाली.

आज दुपारी त्यांनी मोठ्या पातेल्यात डाळिंबाच्या साली उकळत ठेवल्या. वाफेनं खिडकीची काच धुरकटली आणि बाहेरची झाडं पाण्याखाली गेल्यासारखी डुलू लागली. रंग पक्का बसावा म्हणून तुरटीत भिजवलेली तीच चादर त्यांनी अलगद आत सोडली. झोपलेल्या पोराच्या ओठांवर हसू उमटावं तसा पिवळा रंग सुतासुतातून वर आला. सवयीनं हात साबणाकडे गेला. त्यांनी हात ओलाच्या ओला खिशात कोंबला.

संध्याकाळी चादर दोरीवर वाळत होती. बायको चष्मा चढवून तिचा कोपरा न् कोपरा धुंडाळत राहिली.

"अहो, पोरीचा डाग कुठंय? काढलात ना शेवटी?" चादर मुठीत घट्ट धरून तिनं विचारलं.

"मला कुठला निघतोय तो," अप्पा म्हणाले. "सगळीकडे लावला."