सईच्या मनगटावरचा लाल दिवा

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — हे मी अजून कुणापाशीच काढलेलं नाही. तुला सांगते. फक्त मध्येच "जाऊ दे" म्हणू नकोस.

सोलापुरातल्या एका शाळेत आम्ही संस्थेतली माणसं नववीच्या पोरांबरोबर मनगटाला बांधायचे पट्टे तयार करत होतो. दिवसभरात किती चाललो ते मोजणारे. पोरं मैदान सोडून मोबाइलला चिकटलेली, म्हणून हा उद्योग. आतलं यंत्र माझ्याकडं, बाकी सगळं पोरांनी ठरवायचं. पट्टा कशाचा? तर टॉवेलच्या कारखान्यात उरलेल्या काठांचा, म्हणजे घाम टिपला जाईल. आठवड्याचं चालणं पुरं झालं की हिरवा दिवा, नाहीतर लाल. आणि दिवा मनगटाच्या आतल्या बाजूला. ही सईची कल्पना.

"दुसऱ्याला कशाला दिसायला पाहिजे, ताई? आपलं आपल्याला कळलं की बास की."

चौदा वर्षांची, अंगानं भरलेली, हसरी पोरगी. त्या वयात मला कुणी असा आतला दिवा दिला असता तर... असो. मला ती लई आवडायची. आवडायची, आणि तरी —

थांब, आधी तिच्या आजोबांचं सांगते. ते माझ्या शाळेत ड्रिलचे सर होते. दर सोमवारी रांगेत हात पुढं करायला लावायचे, नखं तपासायला. माझ्यापाशी आले की नखं राहायची बाजूलाच. दंडाला चिमटा काढून म्हणायचे, "घरात पोतंभर खाते वाटतं." सगळी रांग खिदळायची. तीन वर्षं चाललं हे. मी डबा खायचा सोडला. आईनं बांधून दिलेली शेंगाचटणी-भाकरी शाळेमागच्या कुत्र्याला घालायची आणि घरी रिकामा डबा न्यायची. हे विसरता येतं? तुला आलं असतं?

एकदा ते सईला न्यायला आले. मी एका नजरेत ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. "मॅडम, आपण मूळच्या कुठल्या?" — हे मला विचारलं त्यांनी! हसून उत्तर दिलं मी, पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. आठवडा संपला की पोरांचे दिवे बघायला शाळेत समारंभ ठेवला होता, त्याला प्रमुख पाहुणे म्हणून त्यांचं नाव मीच सुचवलं.

आणि मग पट्टा. किती हिसका बसला की एक पाऊल धरायचं, ते प्रत्येक पट्ट्यात मी ठरवून द्यायची. सईच्या पट्ट्यात मी तो आकडा वाढवला. तिची निम्मी पावलं पट्ट्यानं धरलीच नाहीत.

आणि ती चालत राहिली. गच्चीवर, कंबर तलावाकडं, सायकल घरी ठेवून क्लासला पायी — आपल्या सोलापूरच्या उन्हात. पाचव्या दिवशी माझ्याकडं आली. टाचेला फोड आलेला, दिवा लालच.

"ताई, माझा पट्टा बिघडलाय काय? मी लई चालले की."

अजून वेळ होता. एका मिनिटाचं काम होतं. मी काय म्हणाले माहितीये?

"पट्टा खोटं बोलत नाही, सई."

समारंभात मीच सरांना म्हणाले, पूर्वी तुम्ही नखं बघायचा म्हणे, तसे पोरांचे हात बघा की. सर एकदम खूश. पोरं रांगेत, तळवे वर — आणि आतले सगळे दिवे सगळ्यांसमोर. हिरवा, हिरवा, हिरवा. सईपाशी लाल. मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. म्हटलं, भोगा आता. आपल्याच रक्ताची पोर, सगळ्या गावासमोर. त्यांची मान खाली गेलेली मला बघायची होती.

सरांनी तिच्या दंडाला चिमटा काढला. तेच वाक्य म्हणाले, शब्दाला शब्द. हॉल हसला, सरही हसले. मान खाली गेली ती सईची.

ते असंच करतील हे मला ठाऊक नव्हतं? होतं. तुझ्याशी कशाला खोटं बोलू — त्या क्षणी मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी त्या रांगेत मी एकटी नव्हते.

नंतर तिचा पट्टा संगणकाला जोडला. हिसक्यांची मूळ नोंद आत राहतेच, त्यावरून खरी पावलं काढली. वर्गात सगळ्यांत जास्त तीच चालली होती. ती नोंद मी पुसून टाकली. सरांवरचा राग तेवढा पुसला गेला नाही. आजही आहे तसाच आहे.

मी सामान आवरत होते तेव्हा सई परत आली. डोळे सुजलेले.

"सॉरी, ताई. माझ्यामुळं आपला ग्रुप सगळा हिरवा झाला न्हाई."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे. मी नाही रागावले."