माशांच्या वाट्याची घागर

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यात आधी पाणी कुणाला मिळायचं, तर माशांना. माणसांचा नंबर त्यांच्या मागून. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले तरी माझं डोकं तापतं. तापू दे. थंड डोक्यानं लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

आम्ही लातुरात राहायचो. वडिलांना अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. अव्वाचं माहेर निलंग्याच्या बाजूचं, तिकडे आमच्यात आईला असंच म्हणतात. घर लिंगायताचं. दारासमोर कुणी अंड्याचं टरफल टाकून गेलं तरी अव्वा आधी बोटं मोडायची आणि मग तिथे शेणाचा सडा घालायची. अशा घराच्या परसात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, मासोळ्यांनी भरलेला रांजण उभा होता.

नवा जिल्हा नुकताच झाला होता. गावभर पाट्या रंगवायचं काम निघालं होतं. कचेऱ्या जास्त आणि इमारती कमी, म्हणून अप्पांचं ऑफिस एका बंद दालमिलच्या गोदामात थाटलेलं होतं. संध्याकाळी ते घरी आले की शर्टाला तुरीच्या भुशाचा वास यायचा. ते कारकून. जुन्या जिल्ह्यातून बदली मागून घेऊन लातूरला आलेले, आणि ते माझ्यासाठी. मी दहावीत जाणार होते. पोरगी इथून मॅट्रिक झाली की पुढे कॉलेजात घालायची, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. लांब कुठे बदली झाली तर माझी शाळा संपली आणि आत्यानं बघून ठेवलेलं स्थळ आलंच, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्या दर महिन्याला त्याची आठवणही करून द्यायची.

बदल्या साहेबांच्या हातात होत्या आणि साहेबांना नाद होता मरळ धरायचा. मरळ मोठा, हावरट मासा. तो पिठाच्या गोळीला भुलत नाही, त्याला गळावर जिवंत, वळवळणारी मासोळी लागते. पाऊस दगा देऊन गेलेला, तलाव आटत आटत मधल्या डबक्यापुरता उरलेला, आणि सगळे मरळ त्या डबक्यात गोळा झालेले. आम्हाला जो दुष्काळ होता तो साहेबांना हंगाम होता. अडचण एकच, नाल्यातल्या बारक्या मासोळ्या नाल्याबरोबरच संपणार होत्या. म्हणून पाणी आहे तोवर त्या धरून आणायच्या आणि उन्हाळाभर कुणीतरी जगवायच्या, असं साहेबांनी ऑफिसात बोलून दाखवलं. मासे खाणारे लोक त्या ऑफिसात काही कमी नव्हते. ते सगळे फायलीत डोकं घालून बसले, आणि आमचे अप्पा म्हणाले, मी बघतो.

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, असं आम्हाला शिकवणारे हेच अप्पा.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी आम्हाला सांगितलं ते वेगळंच. साहेबांच्या बंगल्यात काचेची मोठी पेटी आहे, त्यांना मासे पाळायची हौस आहे, तिच्यात सोडायला मासोळ्या लागतात. अव्वानं तशी पेटी डोळ्याच्या डॉक्टरकडे पाहिली होती. तिला ते पटलं. मलाही पटलं. मासा धरायला मासा लागतो, हे भोयाच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पण आमच्या घरात ते कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. आमच्या अडाणीपणावरच अप्पांची थाप तरली.

मासोळ्या धरायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. अव्वाचं चांगलं पितळी पातेलं त्यांनी न विचारता उचललं. ऑफिसातल्या शिपायानं शिकवलेली रीत होती. पातेल्यात भाकरीचा चुरा टाकायचा, तोंडाला फडकं घट्ट बांधायचं, फडक्याला मधोमध बोट जाईल एवढं भोक पाडायचं आणि पातेलं पाण्यात तळाशी ठेवून बाजूला उभं राहायचं. वासानं मासोळ्या भोकातून आत जातात. पोट भरल्यावर बाहेर यायचं भोक काही त्यांना सापडत नाही. अप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, गळ्यातलं लिंग ओलं होऊ नये म्हणून बनियनच्या आत सारलं आणि चिखलात उतरले. वर काढलेल्या पातेल्यात बोटाएवढ्या मासोळ्या चमकत होत्या. अप्पा मोठ्यानं हसले. मी पण हसले, खोटं कशाला सांगू.

ते पातेलं अव्वानं पुन्हा चुलीजवळ येऊ दिलं नाही.

पहिल्या रात्रीतच निम्म्या मासोळ्या पोट वर करून तरंगल्या. आम्ही टँकरचं पाणी घातलं होतं आणि त्याला ब्लीचिंग पावडरीचा उग्र वास यायचा. अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसला जाताना ते रांजणाकडे असे बघत निघाले की जणू घरात कुणी आजारी आहे. मग अव्वा उठली. मासोळ्यांना ती हात लावत नव्हती, पण पाणी तिला कळत होतं. टँकरचं पाणी तिनं एक दिवस उघड्या घमेल्यात ठेवून वास उडवला, मगच रांजणात घातलं. रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या बाटलेल्या पातेल्यानं पाणी काढून ते उंचावरून परत रांजणात सोडायचं, म्हणजे पाणी मरत नाही, असं म्हणायची. मासोळ्या जगल्या.

जगल्या, पण कुणाच्या जिवावर? पाणी मी आणत होते. टँकर यायच्या आधी गल्लीत घागरींची रांग लागायची, आणि माझी घागर कुणी मागे सरकवू नये म्हणून मी पुस्तक घेऊन तिच्यापाशी बसायचे. आणलेल्या पाण्यातली एक घागर माशांची. केस धुवायचे म्हटलं तर अव्वा म्हणायची, पुढच्या टँकरला बघू. शेजारणी हसायच्या. एकदा मी घागर दाणकन आदळली आणि म्हणाले की साहेबाच्या चैनीसाठी मी पाणी वाहणार नाही. अव्वा पातेलं खाली ठेवून म्हणाली, "दारात पान्यावाचून जीव मेला तर आपल्याला पानी ग्वाड लागंल का?"

मला ते बोलणं मुळीच आवडलं नाही. माझ्या डोक्यात खाज सुटली होती.

हळूहळू तिला त्यांचा लळा लागला. शेपटी तुटलेली एक होती, तिला ती लंगडी म्हणायची. भाकरीचा चुरा ती आधी लंगडीच्या बाजूला टाकायची. दर शनिवारी अप्पा थोड्या मासोळ्या डब्यात घालून न्यायचे. दर आठवड्याला कशाला लागतात, असं तिनं विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, पेटी मोठी आहे. मग ती स्वतः पुढे होऊन जुन्या लुगड्याच्या फडक्यानं मासोळ्या निवडून द्यायला लागली. मरतुकड्या नेऊ नका, मोठ्या घरात द्यायच्या तर धडधाकट द्या, म्हणायची. अप्पा मान खाली घालून डबा पुढे धरायचे. त्या वेळी तरी त्यांनी सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी ते साहेबांबरोबर तलावावर जायचे. कामाची पाहणी, असं घरी सांगायचे. एका रविवारी भाकरीचं फडकं घरीच विसरले आणि अव्वानं ते माझ्या हातात देऊन मला पाठवलं. तलाव गावाबाहेर, चालत जाण्यासारखा. भेगा पडलेल्या चिखलावरून मी लांबूनच पाहिलं. साहेब छत्रीखाली घडीच्या खुर्चीत बसले होते. अप्पा त्यांच्या पायाशी उकिडवे, पुढ्यात आमचा डबा. जवळ गेले तरी त्यांना माझी चाहूल लागली नाही, एवढे ते कामात गुंतले होते. त्यांनी एक मासोळी मुठीत धरली, पाठीवरच्या पराच्या खालून गळ टोचून दुसऱ्या बाजूनं काढला आणि ती पाण्यात सोडली. ती पोहायला लागली. मरू नये, पोहत राहावी, म्हणून गळ कुठे टोचायचा हे त्यांना नेमकं माहीत होतं. बोटांना सवय झालेली दिसत होती. साहेब म्हणाले, वा. आणि अप्पांनी ओले हात बनियनला पुसले, जिथे आत लिंग होतं तिथेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाकरी मी तिथेच चिखलात ठेवली आणि मागे फिरले.

घरी येऊन मी एका दमात सगळं सांगितलं. सांगितलं तर काय होईल, हे मला ठाऊक होतं. माझी शाळा त्या रांजणात होती. तरीही सांगितलं, कारण गप्प बसले असते तर मला वेड लागलं असतं. अव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, गळ त्यांनीच टोचला का. मी हो म्हणाले. ती परसात गेली आणि बराच वेळ रांजणापाशी उभी राहिली. निवडून कुणी दिल्या होत्या ते तिला आठवत असणार.

संध्याकाळी अप्पा आले. अव्वा त्यांच्याशी बोलली नाही, मीच बोलले, आणि बापाशी बोलू नये तसं बोलले. त्यांनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. शेवटी माझ्याकडे बोट करून अव्वाला म्हणाले, "हिच्या शाळेपायीच करायलो ना मी हे."

"माजं नाव घेऊ नका त्यात," मी म्हणाले.

 खरं तर ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. माझ्यासाठी पाण्याच्या रांगेत उभे राहिले असते, माझ्यासाठी साहेबाला नाही म्हणाले असते, तर ते मी जन्मभर डोक्यावर घेऊन मिरवलं असतं. त्यांनी माझ्यासाठी नेमकं हेच करायचं निवडलं, आणि वर माझ्या आईकडून करवून घेतलं.

पुढच्या शनिवारी अप्पा डबा घेऊन परसात गेले तर अव्वा रांजणासमोर पाट टाकून बसलेली. ते तसेच रिकाम्या हातानं परत आले. रविवारी सकाळी साहेबांचा शिपाई स्वतःचा डबा घेऊन दारात उभा राहिला. अव्वानं डबा घेतला, आत जाऊन प्यायच्या माठातलं पाणी त्यात काठोकाठ भरलं आणि त्याच्या हातात दिला. म्हणाली, "साहेबास्नी म्हनावं, उन्हाचं बसता, पानी प्या. मासोळ्या ह्या घरच्या हायत. मिळनार न्हाईत."

शिपाई अप्पांकडे बघत राहिला. अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मी दाराआड उभी होते आणि मला तिचा अभिमान वाटला, असं लिहिलं तर ते बरं दिसेल. वाटलाही. पण त्याच वेळी मला तिच्या हातातून तो डबा हिसकावून मासोळ्यांनी भरून द्यावासाही वाटला, कारण पुढच्या वर्षी दहावीला कोण बसणार होतं, ती का मी?

बदलीची ऑर्डर लवकरच आली. जळकोट, उदगीरच्याही पुढे. घरातली कामं नुसती चालू राहिली. आत्या येऊन स्थळाचं बोलून गेली. अव्वानं तिला चहा दिला, होकार दिला नाही. मग रात्री भाकऱ्या थापता थापता अप्पांना म्हणाली, "तुमी जा. पोरगी न् मी हितंच ऱ्हातो. तिची शाळा व्हऊ द्या."

नवरा जिवंत असताना बाई वेगळी राहते, यावर भावकीत फार बोललं गेलं. तिनं ते ऐकलं आणि घर सोडून एक खोली घेतली. त्या खोलीला परस नव्हतं. मासोळ्या कुठे सोडायच्या, हा प्रश्न उरला. नाला कोरडा पडलेला, आणि तलावात सोडायच्या म्हणजे मरळांच्या तोंडात द्यायच्या. जळकोटच्या खोलीमागे आड आहे आणि त्याला पाणी आहे, असं अप्पा बघून आले होते. अव्वा म्हणाली, ज्यांनी आणल्या त्यांनीच न्याव्यात.

म्हणून बदलीवर निघालेल्या माझ्या वडिलांच्या मांडीवर एसटीत तो डबा होता. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. ट्रंक वर टपावर. दोन-दोनदा झाकण उचलून ते आत बघत होते. खिडकीखाली मी आणि अव्वा उभ्या होतो.

अप्पा कुठेही गावाला निघाले की अव्वा फिरकीचा तांब्या भरून द्यायची. वाटेत पाणी पीत जा, असं दर वेळी न चुकता सांगायची, अगदी भांडण झालेलं असलं तरी. त्या दिवशीही तिनं तांब्या भरून आणला होता. वास उडालेलं, रात्रभर ठेवलेलं पाणी. खिडकीतून तो वर देत ती म्हणाली, "उदगीरला गाडी थांबली की हे घाला त्येंच्या डब्यात. वरून घाला, हळू."

अप्पांनी तांब्या घेतला. गाडी सुरू झाली तरी त्यांनी हात आत घेतला नाही, तिच्याकडे बघत थांबले. तुम्ही पण प्या, असं अव्वा म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही.